डॉलर वधारला, शेजारी आवडला

सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बारू यांना जोडणारी नवी आरटीएस रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू व्हायची आहे. चार किलोमीटर, पाच मिनिटं. आमच्या सिंगापुरातल्या मराठी गोतावळ्यात आनंदीआनंद आहे. मला मात्र तंजोंग पगार स्टेशन आठवतं.

स्टेशन १९३२ चं. त्याची पहिली साठ-सत्तर वर्षं इतिहासकारांनी सांभाळावीत. माझी म्हणाल तर शेवटची दहा. स्टेशन सिंगापूर शहरात, पण जमीन आणि रूळ मलेशियन रेल्वेचे. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली पासपोर्ट तपासणी सरहद्दीवर, वुडलँड्सला नेली. मलेशियाची तपासणी स्टेशनातून हलली नाही. त्यामुळे आम्ही आधी मलेशियात दाखल व्हायचो आणि मग सिंगापुरातून बाहेर पडायचो! शेजाऱ्यांच्या भाऊबंदकीत प्रवाशाची ही गंमत.

एकेरी रुळांवरून गाडी रडतखडत जायची, पण त्या रखडण्यात शेजार कळायचा. सिंगापुरात रस्ता ओलांडताना भरवसा सिग्नलवर. जोहोरमध्ये गाडीवाल्याच्या हातवाऱ्यावर. तिकडे चहावाला दुसऱ्याच खेपेला साखर किती ते ओळखून असायचा. इकडे २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये उष्टा ट्रे टेबलावर सोडला तर आधी ताकीद, मग दंड. शिस्त मला प्रिय आहे. पण चहावाल्याशी दोन शब्द बोलायला कुठल्या देशाची मनाई नाही.

३० जून २०११ ला तंजोंग पगारहून शेवटची गाडी सुटली. जोहोरच्या सुलतानांनी ती स्वतः चालवली. पुढची वर्षं बसच्या रांगेत गेली, त्यांबद्दल काय लिहायचं?

स्टेशनच्या त्या शेवटच्या दशकात "पाकीट सांभाळा, मंगळसूत्र आत घाला" असं बजावणारे आमचे स्नेही आज शनिवार आला की केस कापायला, दात दाखवायला, किराणा भरायला जोहोर गाठतात. सिंगापूरचा डॉलर सव्वादोन मलेशियन रिंगिटांच्या आसपास होता तेव्हा जोहोर धोक्याचं होतं. तो तीनच्या वर गेला आणि जोहोर एकदम सुरक्षित झालं! तिकडचं स्वस्त पेट्रोल भरून आणू नये म्हणून सिंगापूरच्या गाडीला पाऊण टाकी भरूनच सीमा ओलांडावी लागते. तुच्छता मात्र कितीही न्या, कुणी तपासत नाही.

नवी गाडी हवीच. अंधारात उठून कामासाठी सीमेवरचा कॉजवे ओलांडणाऱ्या मलेशियन माणसांसाठी तर फार आधी हवी होती. आपण मात्र जोहोर जवळ आलं असं म्हणू नये. आपल्याला ते परवडू लागलंय, एवढंच.