गवताची तहान आणि गवताचा घाम

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कार्नुस्टी नावाचे गाव आहे. जुलै 2018 मध्ये तेथील गोल्फच्या मैदानावर ‘ओपन’ ही प्रसिद्ध स्पर्धा झाली. त्या उन्हाळ्यात पाऊस फारच कमी पडला होता. मैदानाचा बराचसा भाग वाळून तपकिरी झाला होता आणि टणक जमिनीवरून चेंडू लांबच लांब घरंगळत जात होता. ज्या लहानशा भागात चेंडू खळगीत घालवायचा असतो, त्या ‘ग्रीन’ मात्र हिरव्या राखल्या होत्या. बाकीचे गवत वाळू देऊन एवढेच का जपले असेल?

गवत मुळांनी जे पाणी शोषते, त्यातले शेकडा 95 हून अधिक पाणी पानांवरील पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. ती पानातून घेतली जाते व पान थंड राहते. घामाने आपले शरीर थंड होते, तसाच हा प्रकार.

आता थोडे गणित करू. कडक, कोरड्या उन्हाच्या दिवशी हिरवळीतून सुमारे 6 मिलिमीटर उंचीचे पाणी उडून जाते. म्हणजे दर चौरस मीटरला 6 लिटर. त्यासाठी सुमारे 35 लाख कॅलरी उष्णता खर्च होते. 1000 वॅटची विजेची शेगडी 4 तास चालवली, तर साधारण एवढीच उष्णता मिळते! 1 हेक्टरला हे पाणी 60,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 6 टँकर होते. अठरा खळग्यांचे मैदान सुमारे 50 हेक्टरांचे असते. सगळेच हिरवे ठेवायचे तर रोज 300 टँकर हवेत. पण सर्व ग्रीनचे क्षेत्र मिळून जेमतेम 1 हेक्टर भरते. त्यांना 6 टँकर पुरतात.

मग उरलेले गवत मरत नाही का? सहसा नाही. पाणी तुटले की ते पाती वाळू देते, पण जमिनीलगतचे बूड जिवंत ठेवते. आपली हरळी आठवा. वैशाखात ती मेल्यासारखी दिसते, पण जमिनीतील काशा जिवंत असतात आणि पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते. हीच हरळी ‘बर्म्युडा गवत’ या नावाने उष्ण देशांतील गोल्फ मैदानांवर लावतात.

ग्रीनवरील गवताला मात्र ही सवड नसते. ते जेमतेम 3 मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. पाती आखूड असल्याने अन्न कमी तयार होते आणि मुळेही उथळ राहतात. म्हणून उन्हाळ्यात कापणीची उंची किंचित वाढवतात. पाणी पहाटे देतात, कारण तेव्हा वारा व ऊन कमी असल्याने ते फुकट उडून जात नाही. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी खोलवर पाणी दिले, तर मुळेही खोल जातात. भर दुपारी गवत निळसर दिसू लागले, त्यावर पावलांचे ठसे उमटून राहिले, की माळी हलका फवारा मारतो. हे पाणी मुळांसाठी नसते. पानांवरच त्याची वाफ होते व पाने थंड होतात. दमट हवेत वाफ सावकाश होते, म्हणून तेथे या फवाऱ्याचा उपयोग कमी.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये फ्रान्समध्ये तीव्र दुष्काळ होता. लोकांच्या पाणीवापरावर निर्बंध असताना ग्रीनला रात्री मर्यादित पाणी देण्याची सवलत होती. संतापलेल्या काही कार्यकर्त्यांनी तुलूझ शहराजवळच्या मैदानांवरील खळग्या सिमेंटने भरून टाकल्या. 1 हेक्टरला दिलेले पाणीही दुष्काळात लोकांच्या डोळ्यांवर येते, हे त्यावरून दिसते.

तुम्हीही एक मोजणी करून पाहा. शाळेच्या बागेत पाणी शिंपडताना सरळ बाजूंचा एक रिकामा डबा गवतावर ठेवा. नंतर त्यातील पाण्याची उंची मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि बागेच्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरांनी गुणा. येणारा आकडा म्हणजे तुम्ही त्या दिवशी बागेवर ओतलेले लिटर. त्यातले किती टाळता आले असते, हे आता तुम्हीच ठरवा.