अंधार कोणाचा? : किशोरांच्या मालिकांच्या नव्या अवतारांविषयी

किशोरवयीन मुलामुलींच्या जुन्या, हसतखेळत चालणाऱ्या टीव्ही-मालिका नव्याने काढावयाच्या आणि काढताना त्यांत खून, भुते, व्यसने, घराघरांतील गुपिते भरून त्यांचा रंग काळा करावयाचा, अशी एक रीत गेल्या काही वर्षांत जगभर रूढ झाली आहे. कुडाळ-मालवणकडील एखाद्या बौद्धवाडीतला अकरावी-बारावीचा मुलगाही आज मोबाइलवर या मालिका पाहू शकतो. म्हणून हा प्रकार काय आहे, तो का निर्माण झाला आणि आपल्या दृष्टीने त्याची किंमत काय, याचा विचार दलित साहित्याच्या वाचकाने केला पाहिजे. ‘हे पोरांचे मनोरंजन’ असे म्हणून त्याला बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही. तरुण असणे म्हणजे काय, कोणाला तरुण म्हणायचे, याची चित्रे आज याच पडद्यावर घडत आहेत.

आधी उदाहरण घेऊ. आर्ची हे अमेरिकन चित्रकथांतील पात्र डिसेंबर १९४१ मध्ये जन्मले. रिव्हरडेल नावाचे एक काल्पनिक गाव, तेथील शाळा, दोन मैत्रिणींपैकी एकीची निवड करू न शकणारा तांबड्या केसांचा मुलगा आणि त्याचा खादाड मित्र, एवढ्या भांडवलावर ही कथा पाऊण शतक चालली. २०१७ साली ‘रिव्हरडेल’ ही मालिका हीच पात्रे घेऊन आली ती शाळेतल्या एका मुलाच्या खुनाचे गूढ घेऊनच. २०२३ पर्यंत तिची सात पर्वे झाली. सब्रिना या किशोरवयीन चेटकिणीची मालिका १९९६ ते २००३ या काळात विनोदी होती. २०१८ साली तीच सब्रिना नव्या मालिकेत आली, तेव्हा तिच्या भोवती सैतानाची उपासना आणि रक्ताचे करार होते.

हे असे का होते, याची कारणे पुष्कळशी धंद्यातली आहेत. नवे पात्र लोकांच्या मनात रुजवायला पैसा आणि काळ लागतो; जुने नाव आधीच रुजलेले असते. त्या नावाचा मूळ प्रेक्षक आता वयाने वाढला आहे. त्याला आपले बालपण परत हवे असते आणि आपण आता बाळबोध राहिलो नाही याची ग्वाहीही हवी असते. काळा रंग या दोन्ही गरजा एकदम भागवतो. तिसरे कारण रचनेचे आहे. पूर्वी सारे घर एका संचापुढे बसत असे. आठवड्याला एक भाग, त्यात झालेला गोंधळ अर्ध्या तासात निस्तरायचा आणि आजीपासून नातवापर्यंत कोणालाही अवघडल्यासारखे होऊ द्यायचे नाही, असा दंडक होता. जाहिरातदारांचाही तोच आग्रह असे. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे, आणि प्रेक्षकाने लगेच पुढचा भाग लावावा यासाठी प्रत्येक भाग गाठ न सोडता संपवावा लागतो. खून आणि गुपित यांच्याइतकी पक्की गाठ दुसरी नाही.

पण या नव्या अवतारांचा दावा धंद्यापुरता थांबत नाही. जुनी मालिका खोटे हसत होती, तिच्या हसण्याखाली दडलेले वास्तव आम्ही उघडे करीत आहोत, असा त्यांचा सूर असतो. हा दावा आपल्या ओळखीचा आहे. प्रस्थापित मराठी साहित्याच्या प्रसन्नतेखाली काय गाडले गेले आहे, हे दाखवण्यासाठीच दलित साहित्य उभे राहिले. मग या काळ्या मालिका आपल्या सगोत्र मानायच्या काय? उत्तर देण्यापूर्वी रंग बदलण्याची ही क्रिया जवळून पाहिली पाहिजे, आणि ती पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. मुख्य आख्यानाआधीच्या भागात संकासूर येतो. अंगभर काळा वेष, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. मुले त्याला भितात आणि त्याच्याच बोलण्यावर सर्वांत जास्त हसतात. कारण हा मालवणीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो. शेवटी वेद पळवणारा हा असुर विष्णूच्या हातून मारला जातो. ज्याचा रंग काळा, ज्याची भाषा गावाची आणि ज्याचा गुन्हा वेदांना हात लावण्याचा, त्याच्यावर मनसोक्त हसायचे आणि मग त्याला मरू द्यायचे. अस्पृश्यतेच्या काळात हा खेळ लांब अंतरावर बसून पाहणारेही लोक होते. संकासुराच्या घरी त्या रात्री काय झाले, हे आख्यान त्यांना सांगत नव्हते.

पुढे १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले. भरसभेत एका स्त्रीची विटंबना, हा महाभारतातला सर्वांत काळा प्रसंग. गावातल्या हौशी नाटकमंडळींच्या फजितीतून तो हशाचा विषय झाला. मच्छिंद्र कांबळी यांनी या नाटकाने मालवणी बोली मुंबईच्या रंगमंचावर नेऊन बसवली, हे त्यांचे मोठेच काम. पण त्यातून ‘मालवणी म्हणजे हसू’ असे एक समीकरणही शहरी प्रेक्षकाच्या मनात बसले. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने ते उलटे केले. सिंधुदुर्गातील आकेरी गावात चित्रित झालेल्या या मालिकेत मालवणी ही भीतीची भाषा झाली. २०१९ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या भागाने काळ मागे नेऊन अण्णा नाईकांच्या वाड्याचा पूर्वेतिहास सांगितला. मधल्या काळात, २०१७ साली, ‘गाव गाता गजाली’त तीच बोली पुन्हा हसली.

म्हणजे हशाची भीती आणि भीतीचा हशा करणे ही कला आपल्या मातीला नवी नाही. पण या साऱ्या उलथापालथीत बौद्धवाडीतली एखादी मुलगी कथेच्या मध्यभागी आली नाही. वाड्यातली भुते आपण पिढ्यान्‌पिढ्यांची पाहिली. त्या वाड्याच्या अंगणात कोणी पाय ठेवायचा नाही, हे ठरवणारी जिवंत माणसे मात्र भीतीच्या कथेत धरली गेली नाहीत. रंग बदलणे ही एक गोष्ट आहे आणि पाहण्याची जागा बदलणे ही दुसरी. काळ्या अवतारांची पारख करताना हा फरक हाताशी ठेवला पाहिजे.

आता मराठीतले किशोरांचे उदाहरण घेऊ. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, पुस्तकांतून मुलांना भेटला आणि १९८०च्या दशकात सुमीत राघवन यांच्या रूपाने दूरदर्शनवर आला. भागवतांच्या लेखनातला आनंद खरा आहे. वाडी-वस्तीतल्या वाचणाऱ्या मुलांनीही शाळेच्या कपाटातून तो घेतला आहे. पण त्या आनंदाची सामग्री काय आहे? सायकलवर टांग टाकून कोठेही जाण्याची, कोणाच्याही आवारात डोकावण्याची, मोठ्यांना प्रश्न विचारण्याची आणि पोलिसांनी ते ऐकून घेण्याची मोकळीक. ही मोकळीक सर्व मुलांची असते, असे गृहीत धरल्यावरच ती कथा हलकीफुलकी राहते.

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट म्हणून आला. अमेय वाघ यांचा बनेश आता मोठा झाला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी तो पुण्यात येतो, एका परीक्षार्थी मुलाचा मृत्यू होतो आणि त्या मृत्यूमागचा परीक्षा-घोटाळा तो खणून काढतो. चित्रपट वेगवान आहे आणि आपले काम नेटके करतो. त्याचा अंधार आहे तो पैशाचा: गुणवत्ता विकली जाते, याचा. पण ‘गुणवत्ता’ हा शब्दच कोणाविरुद्ध वापरला जातो, हे तो विचारीत नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला याने आपले आयुष्य संपवले होते. पुढे मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी ही आदिवासी तरुणी गेली, आणि तिच्या छळात जातीचा उल्लेख होता असा आरोप झाला. परीक्षेचे दार ओलांडून आत गेलेल्या आपल्या मुलांचा हा अंधार आहे. पेपर न फुटताही तो असतो, आणि खलनायक पकडला गेल्याने तो संपत नाही.

पाहण्याची जागा बदलली की काय होते, हे २०१४ साली मराठी प्रेक्षकाने अनुभवले. जानेवारीत ‘टाइमपास’ आला: वस्तीतला दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता यांचे पोरवयातले प्रेम, गाणी आणि टाळ्याखाऊ संवाद. फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. त्यातही शाळकरी मुलगा आहे, वरच्या जातीतली मुलगी आहे, मित्र आहे, नव्या कपड्यांची ओढ आहे. हलक्याफुलक्या किशोरकथेचे सारे साहित्य जब्याकडे आहे. फक्त ती कथा त्याला जगू दिली जात नाही, कारण त्याच्या बापाला गावाची डुकरे धरायची आहेत आणि शालू ते पाहते आहे. मंजुळे यांनी यासाठी एकही भूत आणलेले नाही, एकही खून दाखवलेला नाही. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित मुलाची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण सांगितले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. ‘फास्टर फेणे’ त्याच्या आदल्याच महिन्यात पडद्यावर आला होता.

अमेरिकेतले एक उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ ही १९९० ते १९९६ या काळातली विनोदी मालिका. गरीब वस्तीतला एक कृष्णवर्णीय मुलगा श्रीमंत कृष्णवर्णीय नातेवाइकांकडे राहायला येतो, एवढी तिची कल्पना. मॉर्गन कूपर या कृष्णवर्णीय तरुणाने २०१९ साली, हीच कथा गंभीरपणे सांगितली तर कशी दिसेल, हे दाखवणारी एक छोटी फीत स्वतःच्या हिमतीवर काढली. तिच्यातून २०२२ साली ‘बेल-एअर’ ही मालिका उभी राहिली. येथे काळोख बाहेरून आणावा लागला नाही. मूळ विनोदी मालिकेच्या पहिल्याच वर्षी, दोन कृष्णवर्णीय मुले महागड्या गाडीतून जाताना पोलीस त्यांना चोर समजून पकडतात, असा एक भाग होता. जे बीज हशाच्या मातीत होते, ते त्याच समाजातल्या माणसाने उकरून वाढवले. १९७२ साली दलित पँथरने ज्या लढ्याकडून नाव आणि स्फूर्ती घेतली, त्या समाजाकडून हेही शिकण्यासारखे आहे.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कूपर यांच्यापुढे काळवंडण्यासाठी एक हसरी मालिका होती. कृष्णवर्णीय मुलगा नाचतो, थट्टा करतो, चुकतो, त्याला माफी मिळते, हे सहा वर्षे घराघरांत दिसले होते. आपल्यापुढे असे काय आहे? मराठी टीव्हीवर दलित घरातल्या पोरापोरींची, त्यांच्या स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या नावाने घडणारी, निव्वळ खोडकर अशी कोणती मालिका घराघरांत पोहोचली? पुनर्निर्मितीसाठी आधी निर्मिती लागते. ज्यांचे हलकेफुलके बालपण कधी पडद्यावर आलेच नाही, त्यांना त्याची काळी आवृत्ती काढता येत नाही. स्मरणरंजन हीसुद्धा वारशाने मिळणारी मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तांसारखीच तिचीही वाटणी झालेली आहे.

यावर कोणी म्हणेल की, दलित जीवनात दुःखच इतके आहे की हलकेपणाची मागणी करणे ही प्रतारणा होईल. हे मान्य करता येत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले; ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे की महारवाड्यातल्या पोरवयात भुकेबरोबर थट्टाही होती. दुसऱ्यांनी आपल्यावर हसण्याला आपला विरोध आहे. आपल्या हसण्याला नाही. आपले मूल पडद्यावर आले की ते मार खाण्यासाठी आणि मरण्यासाठीच येणार, हेही एक वेठबिगारीचेच रूप आहे. प्रेक्षक हळहळतो, पारितोषिके मिळतात, आणि मुलाच्या वाट्याला पुन्हा संकासुराचीच भूमिका येते.

म्हणून काळे अवतार पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी प्रत्येक वेळी विचारावे: हा अंधार कोणाच्या घरातला आहे? जुन्या हसण्याची किंमत कोणी मोजली होती, आणि तो माणूस नव्या कथेत आला का? ही कथा सांगण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तर ती मालिका करमणूक म्हणून पाहावी आणि सोडून द्यावी. आणि ज्यांना स्वतः लिहायचे आहे त्यांनी कामाचा क्रम उलटा धरावा. कॅमेरा आज खिशात आहे, मालवणी तोंडात आहे. बौद्धवाडीतली चार पोरे बांधावर बसून गजाली करताहेत, कोणाच्या तरी सायकलची चेन पडली आहे, कॉलेजची एसटी चुकली आहे आणि त्यावरून हसून हसून पुरेवाट झाली आहे, एवढे दहा मिनिटांचे काम आधी उभे राहू द्या. त्यांनी कोठे जाऊ नये, कोणाशी बोलू नये, हा अंधार त्या चौकटीच्या कडेला आपोआप दिसेलच. तो किती दाखवायचा, हे त्या पोरांनी ठरवावे.