अर्ध्या टेबलावरची पुस्तकं

टोकियोच्या कॉमिक मार्केट या पुस्तकमेळ्यात लेखकाच्या वाट्याला येणारी जागा म्हणजे अर्धं टेबल. लांबी 90 सेंटिमीटर, रुंदी 45 आणि मागे दोन खुर्च्या. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक काढणारी कॉलेजातली मुलगी असो की गाजलेलं नाव, माप बहुधा तेच. मेळा तीन दिवसांचा असे तेव्हा अशी साधारण 35 हजार अर्धी टेबलं तिथे लागायची. ही अर्धी टेबलं भरतात कशी आणि त्यांच्यापुढे जाऊन उभं राहिलेल्या वाचकानं काय करायचं असतं, ते इथे सावकाश सांगतो.

आधी तिथे असतं काय ते पाहू. एखाद्या मांगातली म्हणजे जपानी चित्रकथेतली, ॲनिमेमधली किंवा गेममधली पात्रं मनात घर करून बसतात, मूळ गोष्ट संपली तरी त्यांचा विचार संपत नाही. मग चाहते त्यांची पुढची गोष्ट स्वतःच लिहितात. मूळ कथेत एकमेकांना कधीच न भेटलेल्या दोघांची भेट घडवतात, मेलेल्याला जगवतात, कोपऱ्यातल्या पात्राला नायक करतात. यातल्या बहुतेक चित्रकथा असतात, पण चित्राची एकही रेघ नसलेल्या गद्य कथा-कादंबऱ्याही भरपूर. त्यांच्याच शेजारी पूर्ण स्वतंत्र गोष्टी, समीक्षा, रेल्वेगाड्यांवरची हौशी माहितीपुस्तकं, सगळं काही. स्वखर्चानं छापलेल्या या पुस्तकांना जपानीत दोजिन्शी म्हणतात. छापणारा माणूस एकटा असला तरी त्याला 'सर्कल' म्हणायची पद्धत आहे. मी मंडळ म्हणतो.

या मेळ्याची सुरुवात एका भांडणातून झाली. 1975 च्या सुमारास जपानमध्ये मांगाचाहत्यांचं एक मोठं संमेलन भरत असे. त्या संमेलनावर टीका करणाऱ्या एका चाहतीला प्रवेश नाकारला गेला. 'मेइक्यू' नावाचा तरुण समीक्षकांचा एक गट त्यावर चिडला. टीका करणाऱ्याला दार बंद करणारं संमेलन चाहत्यांचं कसलं, असं म्हणून त्यांनी स्वतःचंच एक भरवलं. 21 डिसेंबर 1975 रोजी, टोकियोच्या तोरानोमोन भागातल्या एका सभागृहात. मंडळं 32 आणि माणसं सातशेच्या आसपास, त्यात शाळकरी मुलीच जास्त. त्या काळी मुलींसाठीच्या मांगाला फार चांगले दिवस आले होते आणि या मुलींना त्याबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. या गटातले योशिहिरो योनेझावा पुढे 1980 पासून 2006 साली मृत्यू येईपर्यंत मेळ्याचे प्रमुख होते. त्यांच्या संग्रहातून मेजी विद्यापीठात त्यांच्या नावाचं ग्रंथालय उभं राहिलं आहे.

त्या पहिल्या दिवसापासूनचं एक तत्त्व आजही पाळलं जातं, आणि माझ्या मते सगळा मेळा त्यावरच तोललेला आहे. इथे ग्राहक कुणी नसतो. टेबलामागे बसलेला सहभागी, पुस्तक घ्यायला आलेला सहभागी आणि रांगा सांभाळणारा स्वयंसेवकही सहभागीच. त्यामुळे 'आम्ही पैसे मोजलेत, आमची सोय करा' ही भाषा इथे चालत नाही. गर्दी आवरायची जबाबदारीही सगळ्यांची. डिसेंबर 2019 मध्ये चार दिवसांत मिळून साडेसात लाखांची हजेरी लागली, तीही विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या जोरावर पार पडली. कोविडनंतर मेळा दोन दिवसांचा झाला आहे.

आता टेबल मिळवायची गोष्ट. मेळा वर्षातून दोनदा भरतो, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस. अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. अर्जासोबत एक छोटी चौकट द्यायची असते. मंडळाचं नाव, एखादं चित्र आणि आपण काय आणणार याचा अंदाज, सगळं त्या इवल्याशा चौकटीत बसवायचं. हीच चौकट पुढे मेळ्याच्या सूचीत छापली जाते. जागेपेक्षा अर्ज जास्त येतात, म्हणून निवड सोडतीनं होते.

निवड झालेल्या मंडळांची मांडणी विषयवार होते, आणि ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. एकाच मालिकेवर लिहिणारे सगळे एकाच रांगेत येतात. त्यातही ज्यांची आवडती पात्रं सारखी ते शेजारी शेजारी. वर्षभर एकटीनं लिहिणाऱ्या मुलीला सकाळी खुर्ची ओढून बसल्यावर कळतं की डाव्या आणि उजव्या हाताला बसलेल्या दोघीही त्याच पात्रावर तितकाच जीव टाकतात. दार उघडायच्या आधी शेजाऱ्यांना वाकून नमस्कार करायचा, आपलं नवं पुस्तक त्यांना द्यायचं आणि त्यांचं घ्यायचं, असा रिवाज आहे. पुष्कळ मैत्र्या इथूनच सुरू होतात. ज्यांच्यापुढे लांब रांगा लागणार हे आयोजकांना ठाऊक असतं, त्यांना सभागृहाच्या भिंतीलगत बसवतात, म्हणजे रांग बाहेर वळवता येते.

पुस्तक तयार करायचं काम लेखकाचंच. जपानमध्ये केवळ दोजिन्शी छापणारे छापखाने आहेत. मजकूर लवकर दिला तर सवलत, उशीर केला तर वाढीव दर. गद्य लिहिणारे बहुधा ए5 आकारात दोन स्तंभांत किंवा खिशात मावणाऱ्या ए6 आकारात पुस्तक काढतात. छापखाना खोकी थेट मेळ्यात पाठवतो. सकाळी मंडळ पोचतं तेव्हा खोकं त्यांच्या टेबलापाशी येऊन पडलेलं असतं. छापखान्याची मुदत हुकली, तर आदल्या रात्री झेरॉक्स काढून, पानं दुमडून, स्टेपल मारून वीस-तीस प्रती करायच्या. अशा झेरॉक्स पुस्तकालाही इथे पूर्ण मान आहे.

दार उघडण्याआधी प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत आयोजकांना द्यावी लागते. स्वयंसेवक ती चाळतात. अश्लीलतेच्या कायद्यात बसत नाही असं काही असेल, तर विक्री थांबवतात. शेवटच्या पानावर प्रकाशनाची तारीख, मंडळाचं नाव आणि संपर्क छापलेला हवा, असाही दंडक आहे. या पानाकडे आपण पुन्हा येऊ.

वाचक म्हणून जाणाऱ्यानं काय करावं? मेळा टोकियोच्या खाडीतल्या भराव जमिनीवरच्या बिग साइट या प्रदर्शनकेंद्रात भरतो, 1996 च्या ऑगस्टपासून. रिंकाई मार्गावरचं कोकुसाई-तेन्जीजो स्थानक जवळ पडतं. टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाईच्या आसपास, राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हे ठिकाण फार लांब नाही. प्रवेशासाठी हल्ली तिकीट काढावं लागतं, आणि सकाळचं तिकीट वेगळं, दुपारचं वेगळं. रात्रभर बाहेर रांग लावायला मनाई आहे. वेशभूषा करायची असेल तर घरून नटून यायचं नाही, आत कपडे बदलण्याची सोय असते. ऑगस्टमध्ये उकाडा असह्य असतो, पाणी भरपूर ठेवा.

खिशात हजार येनच्या नोटा आणि पाचशेची नाणी ठेवा. पुस्तकांच्या किमती सुट्या पैशांचा घोळ होऊ नये अशा बेतानं ठरवलेल्या असतात. दहा हजारांची नोट पुढे केली की सुट्या पैशांसाठी टेबलामागच्या माणसाची तारांबळ उडते आणि मागची रांग अडते. सूची चाळून टेबलांचे क्रमांक आधीच टिपून ठेवा. सभागृह, रांगेचं अक्षर, आकडा आणि शेवटी ए किंवा बी, म्हणजे टेबलाचा कुठला अर्धा भाग, असा तो पत्ता असतो.

दार उघडल्याची घोषणा होते आणि आतले हजारो लोक टाळ्या वाजवतात. मेळा संपतानाही तसंच. या टाळ्या कुणा पाहुण्यासाठी नसतात. सगळ्यांनी मिळून उभं केलेल्या दिवसासाठी त्या असतात, आणि मला त्या फार योग्य वाटतात.

रांगेची एक पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात एक पाटी असते: 'रांगेचं टोक इथे आहे.' तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहिलात की तो ती पाटी तुमच्या हातात देतो. मिनिटभरात तुमच्या मागे कुणी आलं की तुम्ही ती त्याला द्यायची. पाटी धरायला वेगळा माणूस नाही, ओरडून सांगायला कुणी नाही. अनोळखी माणसं एकमेकांच्या हातात पाटी देत जातात आणि रांग सरळ राहते.

आता खरा प्रसंग, टेबलापुढचा. आपल्या साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात गाळा प्रकाशकाचा असतो आणि लेखक भेटलाच तर योगायोगानं. इथे पुस्तक ज्यानं लिहिलं तोच ते तुमच्या हातात देतो. टेबलावर कापड अंथरलेलं, त्यावर पुस्तकांच्या दोन-तीन थप्प्या, किमतीची हातानं लिहिलेली पाटी. आधी विचारायचं, 'पाहू का?' होकार आला की वरची प्रत उचलून चार पानं चाळायची. दोन्ही हातांनी धरा, पान मोडू नका. आवडलं नाही तर आभार मानून प्रत होती तशी ठेवायची आणि पुढे सरकायचं, यात काहीही वाईट दिसत नाही. आवडलं तर पैसे मोजून घ्यायचं, आणि मागे रांग नसेल तर एक वाक्य बोलायचं. मागच्या पुस्तकातला अमुक प्रसंग मनात राहिला, एवढंही पुरतं. लिहिणारी बहुधा टोपणनावानं लिहीत असते. तिच्या घरी किंवा कचेरीत याची कुणाला कल्पनाही नसेल. म्हणून खरं नाव, पत्ता, नोकरी विचारायची नाही आणि न विचारता फोटो काढायचा नाही. ओळखीच्या लेखिकेसाठी खाऊचा छोटा पुडा आणि एखादी चिठ्ठी नेण्याची प्रथा आहे. पुडा लहान असावा आणि सीलबंद, कारण ते सगळं सामान तिलाच उचलून घरी न्यायचं असतं.

बहुसंख्य मंडळांना यातून पैसे सुटत नाहीत. छपाई, जागेचं भाडं, प्रवास यांची बेरीज केली तर पदरचेच जातात. तरी माणसं पुन्हा अर्ज करतात ते त्या एका वाक्यासाठी. वाचणारा माणूस समोर उभा राहून बोलतो, हे कुठल्याही लेखकाला हवंच असतं.

मूळ लेखकाच्या परवानगीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या नजरेत दुसऱ्याची पात्रं वापरणं हे स्वामित्वहक्काचं उल्लंघन ठरू शकतं. पण जपानमध्ये अशा गोष्टीत हक्कधारकानं तक्रार केल्याशिवाय सहसा खटला उभा राहत नाही आणि थोड्या प्रतींच्या हौशी पुस्तकांकडे प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात. 2018 च्या अखेरीस कायदा बदलला तेव्हाही, तक्रारीविना कारवाईची तरतूद मूळ कृतीची जशीच्या तशी नक्कल विकणाऱ्यांपुरती ठेवली गेली. मर्यादा मात्र आहेत. 1999 मध्ये पोकेमॉनवर प्रौढांसाठीचं पुस्तक काढणाऱ्या एका बाईंना अटक झाली होती. डोरेमॉनची 'शेवटची गोष्ट' रचणाऱ्या एकाच्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या, त्या खऱ्या शेवटासारख्याच वाटू लागल्या, आणि अखेर त्याला प्रकाशकाला भरपाई द्यावी लागली. उलट केन आकामात्सु या मांगाकारानं 2013 मध्ये स्वतःच्या मालिकेवर एक खूण छापून चाहत्यांना उघड परवानगी दिली. मला आकामात्सुंची बाजू पटते. क्लॅम्प हा आज जगभर वाचला जाणारा चित्रकर्त्या स्त्रियांचा गट असाच दोजिन्शी काढत वाढला, हे विसरून चालणार नाही.

केवळ गद्यात रस असणाऱ्यांनी 'बुनगाकू फ्रीमा' या साहित्यमेळ्यालाही जावं. एइजी ओत्सुका या समीक्षकाच्या आवाहनातून 2002 मध्ये तो सुरू झाला. तिथे स्वतंत्र लेखन जास्त, गर्दी कॉमिक मार्केटपेक्षा कमी आणि टेबलापाशी बोलायला वेळ अधिक मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मी तर तिथूनच सुरुवात करा म्हणेन. 2024 च्या डिसेंबरपासून टोकियोतला त्यांचा मेळाही बिग साइटमध्ये भरू लागला आहे.

शेवटी एक विनंती. गाजलेल्या मंडळांच्या रांगा उरकल्या की दुपारी मधल्या रांगांमधून हिंडा. जिथे कुणी थांबत नाही अशा एका टेबलापाशी थांबा आणि एक पुस्तक घ्या. घरी येऊन ते वाचा, मग शेवटचं पान उघडा. तिथे संपर्क छापलेला असतो तो तुमच्यासाठीच. जपानी येत नसेल तर सोप्या इंग्रजीत लिहा, पण काय आवडलं ते त्या लेखकाला दोन ओळींत जरूर कळवा.