बुळबुळीत म्हणजे शिळा? छे!

पावसाळी मासेमारीबंदी उठली की दादर, लालबाग, गिरगाव, कुठल्याही मासळी बाजारात हे वाक्य हमखास कानावर पडतं : ‘मावशी, हात लावला तर बुळबुळतोय, शिळा आहे हा!’ आणि ताजी वाम किंवा शिंगाळा टोपलीत परत टाकून गिऱ्हाईक पुढे जातं. कातडी सुकत चाललेला मासा ‘स्वच्छ’ म्हणून आनंदाने घेणारेही भेटतात. किती वेळा सांगायचं?

माशाच्या कातडीतल्या पेशी जन्मभर हा चिकट स्राव तयार करत असतात. त्यातलं मुख्य द्रव्य म्युसिन, म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेलं प्रथिन. ते पाणी धरून ठेवतं, फुगतं आणि बुळबुळीत होतं. पाण्यात जिवाणू आणि परजीवी माशाला कायम वेढून असतात. ते या थरात अडकतात, आणि जुना थर सुटून वाहून गेला की त्याच्याबरोबर तेही जातात. शिवाय त्यात जिवाणूंचं कवच फोडणारं लायसोझाइम असतं, प्रतिपिंडं असतात. वाम आणि शिंगाळ्याच्या अंगावर खवलेच नसतात, त्यामुळे राखणीचा मोठा भार याच थरावर. शिवडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी तर ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायूही घेते. हा थर सुकला तर ती गुदमरेल.

मासा मेल्यावर त्याची प्रतिकारशक्ती संपते आणि जिवाणू याच थरावर पोसू लागतात. म्हणून मासा बुळबुळीत आहे का, हा प्रश्नच चुकीचा. बुळबुळ कशी आहे ते बघा. युरोपीय संघाच्या १९९६च्या मासळी प्रतवारी नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे. सर्वोत्तम माशावरचा स्राव पाण्यासारखा पारदर्शक, त्याखालच्या प्रतीत किंचित गढूळ, मग दुधाळ, आणि पिवळट-करडा झाला की मासा विक्रीला अयोग्य. आपल्या कोळणी हे बोटांनी आणि नाकाने ओळखतात. सोबत लाल कल्ले आणि फुगीर, स्वच्छ डोळे पाहतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्याऐवजी त्यांना विचारा.

बोंबलावर तर फारच अन्याय होतो. त्याचा लिबलिबीतपणा वरचा नाही, आतला आहे. मांसात जवळजवळ ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणून तर तळण्याआधी चिरलेले बोंबील पाट्याखाली दाबून ठेवतात.

घरी आणल्यावर बुळबुळ काढायचीच असते, त्यात वाद नाही. म्युसिन आम्लात गोठतं. लालबाग-परळच्या मालवणी घरांत माशाला मीठ आणि कोकमाचं आगळ चोळतात ते चवीसाठी आहेच, पण त्याने हा थरही सुटतो.

आता बाकीचे गैरसमज. साप बुळबुळीत नसतो. त्याचे खवले केराटिनचे, कोरडे असतात. पालीचंही तेच. बेडकाला हात लावून चामखीळ उठत नाही, ती माणसांतल्या विषाणूमुळे येते. पावसात भिंतींवर चढणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचा स्राव विषारी नाही. १८४७मध्ये कोलकात्यात आणलेली ही जात आता देशभर पसरली आहे. मात्र तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात. तेव्हा मुलांनी तिला हाताळलं, तर साबणाने हात धुवायला लावा.