घरच्या नेटवर्कवर संगणकाचा खाजगी बॅकअप

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅपटॉपची डिस्क एका रात्रीत बंद पडली. आजोबांच्या मोडी वहीचे स्कॅन गेले, ते पुन्हा करता आले, कारण वही कपाटात होती. आईने म्हटलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंगही त्यातच होतं. आई आता नाही.

त्यानंतर घरात नॅस आणलं. नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडायची डिस्कची पेटी. घरातले सगळे संगणक तिच्यावर प्रती ठेवतात. संगणकांत मिळून जेवढा मजकूर असेल, त्याच्या निदान दुप्पट जागा घ्या, कारण जुन्या आवृत्त्याही साठत जातात.

पेटी सगळ्या घराची असली तरी प्रत्येकाच्या फायली ज्याच्या त्याच्याच असाव्यात. सासऱ्यांची बँकेची कागदपत्रं नातवाने का पाहावीत? म्हणून नॅसवर प्रत्येकासाठी वेगळं खातं, वेगळा पासवर्ड आणि फक्त त्यालाच उघडता येईल असा फोल्डर करा. प्रत्येकाला जागेची मर्यादाही घाला, नाहीतर एकच संगणक सगळी पेटी भरून टाकतो.

मॅकवर टाइम मशीनमध्ये हा फोल्डर निवडताना ‘एन्क्रिप्ट’ चालू करा, म्हणजे पेटी दुरुस्तीला गेली तरी कोणाला काही वाचता येणार नाही. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधल्या फाइल हिस्टरीला नेटवर्कवरची जागा दाखवा. ती स्वतः एन्क्रिप्शन करत नाही, तेव्हा नॅसवरचा फोल्डरच एन्क्रिप्ट करून ठेवा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असेच ठराविक फोल्डर घेते. आपल्याकडे अर्ध्या लोकांचे फोटो डी ड्राइव्हवर असतात! तो फोल्डर लायब्ररीत जोडल्याशिवाय त्याची प्रत होत नाही.

पहिली प्रत लॅपटॉपला केबल लावून रात्रभर चालू द्या. पुढे फक्त बदललेल्या फायली जातात. ते काम वाय-फायवर भागतं. वीज जाते-येते तिथे पेटीला यूपीएस हवाच.

दुकानदार दोन डिस्कची पेटी दाखवून ‘आता काळजी नाही’ म्हणतो. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामी येते, हे खरं. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. खंडणीखोर व्हायरस तर संगणकाला जोडलेल्या नेटवर्क फोल्डरपर्यंतही पोचतो. म्हणून नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर ती चालू करा, पेटी इंटरनेटवरून उघडेल अशी ठेवू नका आणि महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवा. आमची मुलीकडे असते.

एन्क्रिप्शनचा पासवर्ड हरवला तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही. तो कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला तरी सांगून ठेवा. दर दिवाळीच्या साफसफाईत एखादी जुनी फाइल बॅकअपमधून परत आणून, उघडून पाहा.