शमीम आला की आली?

बाळंतपण दोन महिन्यांवर आले की घरोघरी नावांच्या याद्या निघतात. मुलगा की मुलगी हे जन्माआधी सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून याद्या दोन. त्यातही मुलाची यादी लांबलचक आणि मुलीची ‘बघू मग’ असे आपल्याकडे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अलीकडे काही तरुण जोडपी मात्र एकच नाव ठरवून ठेवतात. नूर, शमीम, इक्बाल, मुमताज. जे बाळ येईल त्याचे हेच नाव. आम्हाला ही रीत आवडते.

दादी-नानींना ती पटत नाही. “बेटा, मुलीला बाप्याचे नाव कशाला? हे काय नवे खूळ?”

खूळ नवे नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या कन्येचे नाव अस्मा, आणि अस्मा बिन हारिसा (रजि.) हे पुरुष सहाबी. हजरत खदीजा (रजि.) यांना आधीच्या पतीपासून झालेल्या मुलाचे नाव हिंद, आणि अबू सुफियान (रजि.) यांच्या पत्नीचेही हिंदच. हदीसच्या रावींमध्ये जुवैरिया बिन अस्मा नावाचे गृहस्थ आहेत. आज त्यांची आणि त्यांच्या वडिलांची, दोन्ही नावे आपण फक्त मुलींना देतो! उर्दूत कवी इक्बाल तशा गायिका इक्बाल बानो. इस्मत चुगताई बाई, तर तुर्कस्तानचे इस्मत इनोनू पुरुष.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काही नावे बदलली, ती अर्थ पाहून. बर्रा म्हणजे नेक, त्यात आपलीच स्तुती होते म्हणून जैनब ठेवले. नाफरमान अशा अर्थाचे आसिया बदलून जमीला केले. (फिरऔनच्या पत्नीचे आसिया हे निराळे. अरबीत त्याची अक्षरे वेगळी आहेत, देवनागरीत तेवढी सारखी दिसतात. त्या नावाच्या लेकींनी घाबरू नये.)

अडचण आहे ती कागदाची. अरबीत बिन किंवा बिन्त आले की उलगडा होतो. उर्दूत बानो, बेगम, बी जोडले की झाले. आपण हे शेपूट गाळले आणि नावापुढे वडिलांचे नाव नि आडनाव लावू लागलो. मराठी तर क्रियापदापाशीच अडवते: शमीम आला की आली? कारकुनाने अंदाजाने रकाना भरला, तर मुलगी शाळेच्या दाखल्यावर ‘पुरुष’ होऊन बसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेश, मतदार यादी, विवाहनोंदणी या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे.

यावर आमच्या मते जुनाच उपाय चांगला, जोडनाव. मुलगी झाली तर नूरफातिमा, मुलगा झाला तर नूरमुहम्मद. फॉर्मवर ते एकत्रच लिहावे. सुटे लिहिले की ‘फातिमा’ वडिलांच्या रकान्यात जाऊन बसते. नुसते नूरच हवे असेल तरी हरकत नाही, पण मग प्रत्येक फॉर्मवर लिंगाचा रकाना स्वतः भरावा.

घाईचेही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. बहुतेक घरांत सातव्या दिवशी अकीक्याला नाव ठरलेले असतेच. दाखला मिळाला की नाव, त्याचे इंग्रजी स्पेलिंग आणि लिंगाचा रकाना तिथेच खिडकीपाशी उभे राहून वाचावा, मगच घरी न्यावा.