घारापुरीचा सदाशिव

पावसाळ्यात खवळलेला समुद्र हिवाळ्यात निवळतो. मुंबईकराने घारापुरीला जावे ते अशा दिवसांत. अपोलो बंदरावरून बोटीने सुमारे तासाभराचा प्रवास. सोमवार मात्र टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

शेतबंदरच्या धक्क्यावर एक चिमुकली आगगाडी उभी असते. तिला दुरून नमस्कार करून पायीच निघावे. पुढे डोंगराच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही अंगांना माळा, टोप्या आणि छोटे दगडी हत्ती मांडलेली दुकाने, वर ताडपत्रीची सावली, आणि आपल्या खाऊवर टपलेली माकडे! ज्या मोठ्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. दुकाने बेटावरच्या लोकांची. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना त्यांच्या घरी समुद्राखालच्या तारेतून वीज पोहोचली ती २०१८ साली. लेणी जागतिक वारसा ठरली होती १९८७ मध्येच.

मोठ्या लेण्यात शिरताच पुढे धावू नये. उन्हातून आलेल्या डोळ्यांना नुसता काळोख दिसतो. खांबाशी घटकाभर थांबावे. मग दक्षिणेच्या भिंतीतून ती अठरा फुटी मूर्ती हळूहळू पुढे येते. सहाव्या शतकातली, छातीपर्यंतच कोरलेली. उरलेला देव जणू डोंगरातच राहिला आहे.

लोक हिला त्रिमूर्ती म्हणतात. ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तीन बोटे दाखवून मंडळी फोटो काढायला वळतात. या नावाने मूर्तीवर अन्यायच केला आहे. तिन्ही मुखे शिवाची. आपल्या डाव्या हाताला अघोर: मिशी, चढलेल्या भिवया, हाती नाग. उजवीकडे वामदेव: बाईमाणसासारखा कोवळा, हाती कमळ. मध्ये तत्पुरुष, पापण्या मिटलेला. उग्रता एका देवाकडे आणि लावण्य दुसऱ्याकडे वाटून दिले की आपण सुटलो. शिल्पकाराने तशी सुटका ठेवलेली नाही. दोन्ही एकाच्याच खांद्यावर दिली आहेत.

पटत नसेल तर शेजारी पाहावे. डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे जटेत गंगा झेलणारा गंगाधर. त्यांचे हातपाय पुष्कळ ठिकाणी तुटले आहेत. बोटीला अवकाश असेल, तर या तिघांसमोर खाली फरशीवर बसून घ्यावे.